न हललेलं घर

गल्लीतल्या इमारती हळूहळू खचत होत्या. उपग्रहाला ते नेमकं टिपता यावं म्हणून तिने प्रत्येक गच्चीवर पत्र्याचा एकेक परावर्तक बसवला होता. त्यांतला काकूंच्या गच्चीवरचा तेवढा वर्षभर केसभरही हलला नव्हता. बाकीच्यांना घरं रिकामी करायला सांगून झाल्यावर, एक तरी चांगली बातमी द्यावी म्हणून ती काकूंकडे आली.

"या, उपग्रहबाई," काकू दारातच म्हणाल्या. "आज काय दिसलं वरून? माझा वाळत घातलेला गाऊन?"

"तुमचं घर भक्कम आहे, काकू. तुम्हाला कुठेही जायला नको."

"ते मला ठाऊक आहे गं. पण तुझा तो पत्रा मेला सारखा एका अंगाला कलतो. मग मीच आपली त्याखाली फरशीचा तुकडा सरकवून तो सरळ करते. म्हटलं, पोरीची नोकरी जायला नको."

ती धावतच गच्चीवर गेली. पत्र्याखाली तुकड्यांची चांगली चार बोटं चवड होती. घर जेवढं खचलं होतं, तेवढीच.

"काकू, बॅग भरा. आजपासून माझ्याकडे राहायचं."

"तुझ्याकडे?" काकू हसल्या. "एक पत्रा धड बसवता येत नाही तुला. तुझ्या घरात मी कुठल्या भरवशावर झोपू?"