गच्चीवरचा नर

"नराशिवाय फळ नाही, मॅडम. झाडालासुद्धा नाही!" गच्चीवरच्या दोन कुंड्यांकडे बोट दाखवत निवृत्त सर्जन म्हणाले.

मॅडम दत्तक संस्थेच्या. घर पाहायला आल्या होत्या. सर्जनांच्या मुलीला मूल हवं होतं, नवरा नको होता. घरातल्या थोरांची हरकत नाही ना, एवढंच मॅडमनी विचारलं, तर थोरांनी व्याख्यानच लावलं.

एका कुंडीत गुग्गुळाची मादी, लाल फळांनी लगडलेली. शेजारी नर. काटेरी, बिनपानांचा, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेला.

"वाळवंटातली जात. महिनोन्‌महिने असाच निपचित असतो. लोकांना वाटतं, गेला. अहो, जन्मभर माणसं फाडली-शिवली मी. मेला कोण आणि झोपला कोण, एवढं कळतं! आणि त्याची कर्तबगारी बघा, शेजारच्या कुंडीत!" त्यांनी नराला झारीने पाणी घातलं. रोजच घालत.

मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिथे तोंडाचा पट्टा, घरी मात्र मूग गिळून. पण आता मॅडमचं पेन अडलं होतं. हरकत लिहायची की नाही, या विचारात.

मुलगी उठली. नराला बुंध्याशी धरून तिने वर ओढलं. तळाशी कुजलेला खुंट मोडक्या छत्रीच्या दांड्यासारखा अलगद हातात आला.

"बाबा, गुडघ्यांना डिंक हवा म्हणून तुम्ही याला चिरा दिल्या होत्या ना? ऑपरेशन झकास झालं. पेशंट त्याच उन्हाळ्यात गेला. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही."

"मग ही फळं?"

"गुग्गुळाच्या मादीला परागांशिवायही बी धरतं. नर असला तर असला."

सर्जनांनी खुंट उलटसुलट करून पाहिला. नाडी बघायचीच काय ती बाकी राहिली. मग ते दारात उभ्या असलेल्या बायकोकडे वळले.

"तुलाही ठाऊक होतं? आणि मला रोज पाणी घालू दिलंस?"

"तेवढा वेळ तुम्ही स्वयंपाकघरात सूचना देत नव्हतात."

मॅडम खोकल्या. हसूच होतं ते. सर्जनांनी झारीतलं उरलंसुरलं पाणी मादीच्या मुळाशी ओतलं.

"लिहा मॅडम," ते म्हणाले, "थोरांची हरकत नाही. आणि पाणी घालायला घरात आजोबा आहेत."