खोटा ठरवलेला व्हिडिओ

“आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही,” संपादक हेरंब अभिमानानं म्हणाले. बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या त्यांच्या संस्थेचीच तपासणी करायला इरावती आली होती. तिनं सहज एक ताजा निकाल उघडला. त्यातल्या व्हिडिओत पाण्याच्या टाकीत मेलेलं कुत्रं तरंगत होतं. खाली ठळक शिक्का होता : बनावट व्हिडिओ.

टाकीमागचं टेकडीवरचं देऊळ पाहून इरावती दचकली. हे तर मावशीचं गाव! तिनं लगेच फोन लावला.

“आम्ही ते पाणी बंदच केलं होतं गं,” मावशी म्हणाली. “मग कुठल्याशा संस्थेनं व्हिडिओ बनावट ठरवला, म्हणून पुन्हा प्यायला लागलो. आता घरोघरी जुलाब-उलट्या. तुझे काका सलाईनवर आहेत.”

फोन स्पीकरवर होता. हेरंबांचा चेहरा पांढराफटक पडला.

“तपासायला टाकीवर कोण गेलं होतं?” इरावतीनं हेरंबांना विचारलं.

“कुणीच नाही. तिथले सरपंच माझे मेहुणे आहेत. त्यांनी सांगितलं, तेच छापलं.”

ते घाईघाईनं निकाल पुसू लागले. तिनं त्यांचा हात धरला.

“पुसू नका! आमचं चुकलं, पाणी पिऊ नका, असं लिहा. गाव अजून तुमच्यावरच विश्वास ठेवून पाणी पितंय.”