उजवा फेरा

राहीबाईने मुलाचा हात धरला तो ती सोडायलाच तयार नव्हती. विमान घरघरत उभे होते, मांडवातली माणसे माना उंचावून बघत होती, आणि हिला आत्ताच बोलायचे होते.

“काल म्या बगिटलं,” ती म्हणाली. “बिरुबाच्या देवळाला तू उलटा फेरा घातलास.”

जोतीराम हसला. लढाईवर गेला तेव्हा तो फिटर होता, परत आला तो विमान चालवायला शिकून. महांकाळ गावच्या या माळावर इनामदार लालासाहेबांनी दगडगोटे वेचून धावपट्टी केली, आणि तिच्यावरून उडणारा पहिला माणूस त्याच गावचा निघाला. गाव नुसते फुगले होते.

“आये, फेरा माळाला घातला. देऊळ माळावर हाय त्याला मी काय करू?”

“डाव्या अंगानं घातलास. देव कायम उजव्या हाताला ठेवायचा असतोय. डावा फेरा मड्याला घालत्यात.”

“नेम हाय त्यो. हितं मनोरा न्हाई, बिनतारी न्हाई. कोन कुटं हाय ते वर सांगनारं कुनी न्हाई. म्हनून समद्यांनी माळ डाव्या हाताला ठिवून फिरायचं. म्हंजे एकामागं एक ऱ्हातंय. एक जरी उजवीकडनं फिरला की तोंडावर तोंड.”

राहीबाईने सगळे नीट ऐकून घेतले. मग त्याचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

“तुला माजी आण हाय. एक तरी उजवा घाल.”

शेजारी तिचा दीर केरबा दोन निशाणे घेऊन उभा होता. पलटणीतला जुना हवालदार. या माळाचा मनोरा म्हणा, बिनतारी म्हणा, सगळे काही तोच. पांढरे निशाण हलवले की उतर. तांबडे हलवले की उतरू नको, आणखी एक फेरा घे. तिसरे निशाण नव्हते.

“वैनी, त्येला नेम मोडाय लावू नगा,” तो म्हणाला.

“तुमी गप बसा, भावजी.”

जोतीरामने घड्याळ पाहिले. धावपट्टीच्या उद्घाटनाला पाहुण्यांचे विमान पुण्याहून दहाला यायचे होते. आता नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. आभाळ रिकामे होते, आणि आईला खूश करायला याहून सोपे काही मिळणार नव्हते.

“एकच घालतो,” तो म्हणाला, आणि पाया पडून निघाला.

विमान उठले आणि उजवीकडे वळले. राहीबाईने पदर सावरून हात जोडले. देऊळ त्याच्या उजव्या हाताला होते. इतका आनंद तिला कितीतरी वर्षांत झाला नव्हता, आणि तो तिने पोटभर भोगून घेतला.

पाहुणे अर्धा तास आधीच आले. ज्यांना हारतुरे घ्यायची घाई असते ते असेच येतात.

जोतीराम फेरा पुरा करून खाली येत होता. पुण्याचे विमान माळ डाव्या हाताला ठेवून, अगदी नेमाने, फिरायला लागले. दोन्ही एकमेकांच्या उलट फिरताहेत हे ध्यानात आले ते एकट्या केरबाच्या.  तांबडे म्हणजे धोका, एवढेच तो उभ्या जन्मात शिकला होता. पांढरे निशाण त्याने फेकून दिले आणि तांबडे दोन्ही हातांनी, जीव तोडून, पुतण्याला दाखवले.

उतरत आलेल्या जोतीरामने ते पाहिले. पट्टीवर म्हैसबिस आली असेल असे त्याला वाटले असणार. हुकमाप्रमाणे त्याने विमान पुन्हा वर घेतले आणि आणखी एक फेरा घ्यायला निघाला. सुरुवात उजवी झाली होती, तो उजवीकडेच वळला.

पुण्याच्या वैमानिकानेही तांबडे पाहिले. तोही उतरायचे सोडून, नेमाप्रमाणे, आणखी एका फेऱ्यासाठी डावीकडे वळला.

देवळाच्या मागे, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, दोघे एकमेकांकडे येऊ लागले तेव्हा मांडवात लालासाहेब टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटले, कसरत चालली आहे. ते वाजवतात म्हणून सगळे वाजवू लागले. धडकेचा आवाज मांडवात पोचला तरी मागच्या काही टाळ्या चालूच होत्या.

दोन्ही विमानांतले कोणी वाचले नाही.

माळाचा कारभार पाहणारा गोरा साहेब मांडवातच होता. वीस वर्षे या मुलखात काढल्यामुळे मराठी बोलायचा. माणूस वाईट नव्हता, पण जळक्याचा वास हवेत असतानाच त्याने वही उघडली.

“पुण्याचे विमान बरोबर फिरत होते,” तो केरबाला म्हणाला. “आपला माणूस उलटा का फिरला?”

केरबा तांबडे निशाण हातात धरून ताठ उभा राहिला. 

“उलटा कुटं, सायेब?” मातीत बसलेली राहीबाई उठली. मेलेल्या पोराला कुणी नाव ठेवलेले तिला खपणार नव्हते. “काल उलटा फिरला हुता. आज माजा जोती सुलटा फिरला, समद्यांनी बगिटलंय. म्या आण घातली हुती, म्हनून...”

तिचे तोंड उघडेच राहिले. बाजूची माणसे एकेक पाऊल मागे सरकली. तिला धरायला कोणी पुढे झाले नाही.

साहेबाची पेन्सिल थांबली. हा शब्द त्याच्या मराठीत नव्हता.

“आण? आण म्हणजे काय, हवालदार?”

केरबाने वहिनीकडे पाहिले नाही. त्याने टाचा जुळवल्या.

“हुकूम, सायेब.”