बाराच्या आत

१९८४ सालचा एक रविवार. थायलंडहून आलेले तरुण भन्तेजी दुपारी बारानंतर जेवत नसत, म्हणून भांडुपचे अंबादास आणि शांताबाई त्यांना घेऊन कान्हेरीच्या पायऱ्या धावतच चढले. भाषा एकमेकांची येत नव्हती. लेण्यापाशी शांताबाईने भाकरीचा डबा पुढे केला. भन्तेजींनी हात मागे घेतले, कापड पसरून त्यावर ठेवायची खूण केली. तिचा चेहरा उतरला. "गावात पाटलीण लांबूनच भाकर टाकायची. इथंबी तेच?" "अगं, बाराला दहाच मिनिटं!" अंबादास कळवळला. "राहू देत उपाशी!" भन्तेजींनी झोळीतून फोटो काढला. त्यात त्यांच्यासमोर एक बाई हसत तसल्याच कापडावर भात ठेवत होती. त्यांनी फोटोतल्या बाईकडे बोट दाखवलं, मग बाळ जोजवल्यासारखे हात हलवले. "अहो, हा बाईच्या हातून घेतच नाही, आईच्याबी नाही!" शांताबाईने डबा कापडावर ठेवला. "सावकाश जेव म्हणणार नाही, लेकरा. पटकन जेव."