ऐरणीपाशी

“पण आहेत ना गं ते त्यात?” संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना आजीनं पुन्हा विचारलं.

“अगं, तेच तर आहेत. चित्रभर आहेत,” नात म्हणाली. सकाळपासून हेच चाललं होतं. बसमध्ये, तिकिटाच्या रांगेत आणि आता पायऱ्यांवर. “कितीदा सांगू?”

“चित्रकाराचा काय भरवसा? यांनाही घेतो म्हणाला होता. म्हणून घेतलंच असेल असं थोडंच आहे?”

नातीनं तिचा डावा हात धरला. उजवीकडून धरलेलं आजीला चालत नसे. तो खांदा कायमचा दुखरा. झोपताना नात तेल लावून चोळायची आणि आजी “हं, तिथंच” म्हणत डोळे मिटायची. म्हातारपण म्हटल्यावर काहीतरी दुखायचंच.

आजोबा गावचे लोहार. नातीच्या जन्माआधीच गेले, आणि जाताना एक फोटोसुद्धा मागे ठेवला नाही. फोटोवाला दारात आला की नेमकी तेव्हाच त्यांना भट्टी पेटवायची असायची. इतका लाजरा माणूस! घरात त्यांच्या आठवणी मात्र भरपूर. सगळ्यांची लाडकी आठवण आजीच सांगायची. “ते हातोडीनं ऐरणीवर टक् करायचे, की मी हाताचं पीठ झटकून पळत सुटायचे. तोंडानं म्हणून कधी बोलावलं नाही.” हे ऐकून सुना नाकं मुरडायच्या. पाणी हवं, चहा हवा, तर उठून घ्यायला काय झालं होतं? आजी हसायची. “तुम्हाला नाही कळायचं,” म्हणायची.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी नातीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, यांना काय दाखवायचं असेल ते आता दाखवून घ्या. आजीनं ते ऐकलं. कान चांगले शाबूत होते. घरी आल्यावर म्हणाली, “मला दुसरं काही नको. त्यांना एकदा बघायचंय.”

आता गेलेल्या माणसाला आणायचं कुठून? मग आजीलाच आठवलं. लग्न झालं त्या उन्हाळ्यात एक चित्रकार भट्टीसमोर ठाण मांडून बसला होता. चित्र घेऊन गेला तो गेलाच, पुरं झालेलं कोणी पाहिलंही नाही. नातीनं जंग जंग पछाडलं आणि चित्र सापडलं. पुस्तकांतला आणि चित्रांतला गावचा लोहार, असं प्रदर्शन भरलं होतं, त्यात. आज त्याचा शेवटचा दिवस. उद्या ते चित्र समुद्रापलीकडच्या मालकाकडे परत जाणार होतं.

दालनात जिकडे पाहावं तिकडे लोहार. कोरलेले, ओतलेले, जुन्या कवितांच्या शेजारी छापलेले. सगळे धिप्पाड, सगळ्यांचा घण वर. आजी एकेकापाशी थांबून डोळे बारीक करत होती. एका पुतळ्याला तिनं चक्क विचारलं, “अरे बाबा, दोन्ही हातांनी घण धरलास, मग लोखंड कोणी धरायचं?”

“आजी, पुतळा आहे तो!” नात खुदकन हसली.

मोठ्या चित्रासमोर एक चष्मेवाला लोकांना माहिती देत होता. “कवींनी लोहाराचे ठोके ऐकले, चित्रकारांनी त्याचे दंड पाहिले. हे चित्र बघा. मागे जाळ, म्हणून चेहरा अंधारात. डोक्याला फडकं, अंगावर चामड्याचा एप्रन. कडेला कोणा मदतनिसाचे हात. पण चित्र पेललंय ते या खांद्यांनी.”

नातीला एकदम भरून आलं. हे आपले आजोबा! लहानपणापासून नुसतं ऐकलेलं माणूस समोर घण उचलून उभं होतं. तिनं आजीला पुढं केलं. “बघ, आले तुझे ते.”

आजी दोरीखालून वाकून थेट आत शिरली. पहारेकरी धावला, पण चष्मेवाल्यानं त्याला हातानंच थांबवलं. आजीनं मधल्या आकृतीवर एक नजर टाकली. “बरं काढलंय,” म्हणाली आणि पुढं सरकली. जाळ पाहिला, धूर पाहिला, भाता पाहिला. मग तिचा चेहरा पडला.

“नाहीत. बघ, मी म्हणत नव्हते? नाहीच घेतलं त्यांना.”

नातीला वाटलं, संपलं. उशीर झाला होता, आजीला आता दिसतच नव्हतं. “अगं, समोर तर उभे आहेत!”

आजीचं लक्षच नव्हतं. नाक चित्राला टेकेल इतकी वाकून ती कडेकडेनं चालली होती. खालच्या कोपऱ्यापाशी आली आणि थबकली. तिथं चौकटीतून आत आलेले दोन हात होते, मनगटापर्यंतचे. एका हातात सांडशी, तिच्या टोकाला लालबुंद लोखंड. दुसऱ्या हातात छोटी हातोडी, ऐरणीला टेकवलेली. सांडशीवरच्या अंगठ्याला नख अर्धंच.

“अगं बाई, घेतलं की!” आजी हसता हसता रडायला लागली. “हे बघ, अर्धं नख. माझ्यामुळेच चेचलं होतं. मला मेलीला एका शब्दानं बोलले नाहीत. आता टक् करतील बघ.”

“हे आजोबा?” नातीनं त्या हातांकडे पाहिलं, मग वर त्या रुंद खांद्यांकडे. “मग हा घण उचललेला कोण?”

आजी आपला उजवा खांदा चोळत होती.

“‘हा’ काय गं?” ती म्हणाली. “‘ही’ म्हण.”