जादा फोन

नात्यातल्या केतनच्या मुलीचं बारसं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. कोन गावात महादेवची दुसरी बायको मालू बारशाची नवी साडी मेलेल्या सवतीच्या तसबिरीला न दाखवताच नेसली.

"मेली तरी पयला मान तिचाच काय?" ती म्हणाली.

पुतण्या परेश कॉलेजच्या संशोधनासाठी घरातल्या मोबाइलवर प्रयोग करत होता. नेट नसलं तरी जवळजवळचे फोन एकमेकांना फोटो पाठवत.

मालूच्या फोनवर एक फोटो आला. ओटीवरच्या बाकावर बसलेला महादेव समोर बघून हसत होता. मालूकडे बघून तो असा कधीच हसला नव्हता.

"कोनी काढला रं?"

परेश गोंधळला. "काकी, यो आपल्या घरातला फोन नाय. पन सिग्नल तर बाकासमोरूनच येतो."

बाकासमोर कोणीच नव्हतं. मालू तणतणत गेली आणि महादेवला खेटून बसली.

"काय गो, आज एवरी जवल?" महादेव म्हणाला.

"आता काढ, सवते!" ती समोर ओरडली.

लगेच दुसरा फोटो आला. महादेव तसाच हसत होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

मालू त्याच वर्षी, शिमग्याच्या आदल्या दुपारी वारली.