नाव उचलणारा बुरूज

नदीकाठच्या त्या गावात घाटावर लेकराला नावानं हाक मारत नसत. ‘ए पोरी’ म्हणायचं, बस. पलीकडच्या किल्ल्याचा बुरूज नाव उचलतो म्हणे.

“कॉलेज शिकलीस तरी इथं नाव घेऊ नको, बेटा,” शेजारच्या जैनबबीनं निकिताला बजावलं होतं.

नवरा पुण्याला. सोबतीला चार वर्षांची लेक जुई तेवढी. धुणं पिळताना पोर पाण्याकडं निघालेली दिसली, आणि निकिता ओरडली, “जुई!”

बुरुजावरून काहीच परत आलं नाही. साधा प्रतिध्वनीसुद्धा नाही. जुई मुकाट्यानं माघारी आली. निकितानं तिला पोटाशी घट्ट धरलं.

मग पलीकडून, निकिताच्याच आवाजात, सावकाश हाक आली. “जुई, ये.”

‘ये’ तर ती म्हणालीच नव्हती.

जुई अंग सोडवू लागली.

“सोडा की मावशी. आई बोलवायलीय.”